ब्राउझरचं कोठार : काय राखावं, काय झाडावं

शेतकरी बंधूंनो, सातबारा, महाडीबीटीचा अर्ज, पीएम किसानच्या हप्त्याची चौकशी, सौर पंप, पीक विमा, ही सगळी कामं आता संगणकावर नाहीतर मोबाईलवर आली. कारंजा असो की मानोरा, रिसोड असो की मालेगाव, तक्रार एकच ऐकू येते : "साहेब, साईटच उघडत नाही." कधी ती खरोखर सर्व्हरची अडचण असते. पण पुष्कळदा दोष आपल्याच यंत्रात साचलेल्या जुन्या मालाचा असतो. आणि कधी तर आपण भलत्याच साईटवर पोचलेलो असतो. ही तिसरी गोष्ट सर्वांत घातक, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पीएम कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली आणि लगेच तिच्या नावाच्या खोट्या वेबसाईट निघाल्या. नोंदणीच्या नावाखाली पैसे आणि कागदपत्रं गोळा करणाऱ्या या साईटपासून सावध राहा, असं केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार जाहीर करावं लागलं. शेतकरी फसतो तो शोधताना. गुगलवर "सोलर पंप अर्ज" टाकलं की वर जे पहिलं येतं त्यावर बोट पडतं. अन् ती जाहिरातही असू शकते. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकची गत याहून वाईट.

तेव्हा रोज शोधत बसू नका. खरा पत्ता एकदा खात्री करून उघडा आणि त्याची खूण करून ठेवा. यालाच बुकमार्क म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरात रुमालावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, हात थेट तिथंच जातो, तसंच हे. संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल आणि डी ही बटणं एकत्र दाबा. मोबाईलवर तीन टिंबांवर बोट ठेवून चांदणी दाबा. झालं.

खात्री कशी करायची? पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यापुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी "डॉट जीओव्ही डॉट इन" किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" आहे का, ते पाहा. नावात कुठंतरी मधेच पीएम, किसान, योजना असे शब्द असले म्हणजे साईट सरकारी होत नाही. कुलपाची खूण दिसली म्हणूनही होत नाही. ते कुलूप चोराच्या दाराला पण लागतं. एक अपवाद ध्यानात ठेवा : महावितरणचा पत्ता "महाडिस्कॉम डॉट इन" असा आहे.

बुकमार्कला नावही आपल्या सोयीचं द्या. महाभूमीचे सातबाऱ्याचे दोन वेगळे पत्ते आहेत. एकावर नुसता पाहण्यापुरता विनास्वाक्षरीचा उतारा मिळतो, दुसऱ्यावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा. पहिल्याची प्रिंट घेऊन माणूस बँकेत जातो आणि हात हलवत परत येतो. "सातबारा पाहायचा" आणि "सातबारा सहीचा" अशी दोन नावं दिली की घोळ होत नाही. खूण नेहमी पहिल्या पानाची करावी. लॉगिन करून आत गेल्यावर केलेली खूण दुसऱ्या दिवशी बहुधा चालत नाही आणि मग दोष साईटला जातो. वर्षातून एकदा, खरिपाच्या आधी, खुणा तपासा. सरकारी पत्तेही बदलतात.

आता साचलेल्या मालाकडे वळू. एकदा उघडलेल्या पानाची चित्रं, मांडणी ब्राउझर आपल्याजवळ ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला पान लवकर उघडतं. याला कॅशे म्हणतात. दुसरी कुकी. बाजार समितीच्या फाटकावर चिठ्ठी मिळते आणि ती दाखवली की आत कोणी पुन्हा विचारत नाही, तसं तिचं काम. १९९४ साली नेटस्केप कंपनीत ही युक्ती निघाली. साईट बदलली, चिठ्ठी मात्र जुनीच राहिली, की पान अर्धवट उघडतं नाहीतर लॉगिन होऊन लगेच बाहेर फेकतं.

पण लगेच झाडू घेऊ नका. आधी क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडून तीच साईट लावा. तिथं नीट चालली तर दोष साचलेल्या मालात आहे. तिथंही अडली तर गर्दी सर्व्हरवर आहे. कितीही झाडलं तरी उपयोग नाही, पहाटे प्रयत्न करा. महाडीबीटीवर २०२५ पासून सोडत जाऊन प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य आलं, त्यामुळे हा फरक ओळखता येणं महत्त्वाचं.

झाडायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. काळ "ऑल टाइम" निवडा, नाहीतर थोड्याच वेळाचं निघतं. कॅशे आणि कुकीसमोर खूण ठेवा. पासवर्डसमोरची खूण मात्र विचार करूनच. गेले की गेले. बुकमार्क यात पुसले जात नाहीत. भरून पाठवलेला अर्जही जात नाही, तो सरकारच्या संगणकावर असतो. अर्धा भरलेला मात्र जाईल. मोबाईलच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपचा "क्लिअर डेटा" दाबणं ही वेगळीच गोष्ट आहे. त्यात भरून ठेवलेली, पण नेटवर्कअभावी वर न गेलेली माहिती साफ होऊ शकते. ई-पीक पाहणीच्या दिवसांत हे विसरू नका.

ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक आणि सेवा केंद्र चालविणाऱ्या मित्रांसाठी दोन शब्द जास्त. तुमच्या एका संगणकावर अख्खं गाव बसतं. ब्राउझर मागच्या माणसाचं नाव, मोबाईल नंबर, पत्ता लक्षात ठेवतो आणि पुढच्याच्या अर्जात आपोआप भरायला जातो. एका गावात एकाच आडनावाची पंधरा घरं. घाईत नंबर चुकीचा पडला की ओटीपी भलत्याच्या मोबाईलवर, अन् संदेशही तिकडंच. म्हणून हे ऑटोफिल बंदच ठेवावं, "पासवर्ड जतन करायचा का" विचारलं की नाही म्हणावं आणि प्रत्येक अर्जानंतर लॉगआउट करावं. गावकऱ्याचं काम इन्कॉग्निटो खिडकीतच केलं तर फारच उत्तम, खिडकी बंद केली की चिठ्ठ्या आपोआप फाटतात.

डाउनलोड केलेले आधार, पासबुक, आठ-अ मात्र कोणत्याही खिडकीतून घेतले तरी फोल्डरमध्ये तसेच पडून राहतात. ब्राउझर झाडला तर फक्त त्यांची यादी जाते, फाईल नाही. त्या हातानं काढाव्या लागतात, आणि कचरापेटीही रिकामी करावी लागते. शेतकरी बंधूंनी केंद्रातून उठण्याआधी "भाऊ, माझी फाईल काढली का?" असं विचारायला संकोचू नये.