जागेवरची कला: पितळखोऱ्याचा नाग आणि यक्ष

ओसाड रानातली कला म्हटलं की आपण रॉबर्ट स्मिथसनची ‘स्पायरल जेटी’ सांगतो. १९७० साली अमेरिकेत युटा राज्यातल्या खाऱ्या सरोवरात काळ्या बेसॉल्टचं रचलेलं वेटोळं. पाणी चढलं की बुडतं, उतरलं की दिसतं. म्हणजे जागा हाच कलाकृतीचा अर्धा भाग.

तोच काळा दगड आपल्या खानदेशात पायाखाली आहे. चाळीसगावजवळची पितळखोऱ्याची लेणी घ्या (जिल्हा शेजारचा, पण वाट आपलीच). तिथे पाच फण्यांचा नाग कोरलाय. डोंगरातून खोदलेल्या मार्गाने आलेलं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावं, अशी योजना. हा नाग हलवला, तर उरेल नुसता दगड.

तिथलाच यक्ष मात्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव आहे: कान्हदास, सोनार. मूर्ती जपली गेली हे चांगलंच झालं. पण तिच्या पाठीमागचा डोंगर गेला, तो काचेच्या दालनात कसा आणणार?