अक्षरओळखीकडून ग्रंथवाचनाकडे

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याची खैरलांजी ही तहसील महाराष्ट्राच्या सीमेलगत वसलेली आहे. सीमेच्या अलीकडे गोंदिया व भंडारा हे जिल्हे आहेत. दोन्ही बाजूंना धानाची शेती, परस्परांत सोयरसंबंध आणि मराठी, पोवारी व हिंदी बोलणारी कुटुंबे, असे येथील लोकजीवनाचे स्वरूप आहे. दि. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले व बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. राज्याची सीमा अशी आखली गेली, तरी भाषा तिच्यापाशी थांबली नाही. अशा गावांतील मराठी भाषिक मूल सर्वसाधारणपणे हिंदीतून शिकते. घरची भाषा त्याच्या कानावर पडते, परंतु ती पुस्तकात त्याच्या दृष्टीस क्वचितच येते. वाचनाचा आनंद व वाचनाचे लाभ यांचा विचार येथूनच सुरू करणे उचित ठरेल.

वाचन म्हणजे काय?

अक्षरे ओळखता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे. नवशिके मूल एकेक अक्षर जुळवून शब्द लावते. त्याचे सारे अवधान या जुळवणीतच खर्ची पडते. वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभ विसरला जातो. पुष्कळ सरावाने शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखता येऊ लागले, म्हणजे मन अर्थाकडे वळण्यास मोकळे होते. हा सराव केवळ पाठ्यपुस्तकाने होत नाही. पाठ्यपुस्तक वर्षाला एकच, आणि त्यामागे परीक्षेची धास्ती. ज्यात पुढे काय होते याची उत्सुकता लागते, अशी सोपी, आवडीची व अनेक पुस्तके हाती पडली, तरच वाचनाला वेग येतो. त्यामुळे आनंद हा वाचनाचा अलंकार नसून त्याचे साधनच होय. ज्याला वाचनात गोडी लागली नाही, तो शाळा सुटताच वाचणे सोडतो, आणि काही वर्षांत शिकलेले अक्षरही पुसट होते.

बडोद्याचा धडा

ही गोष्ट ओळखणाऱ्यांमध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे अग्रेसर होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ मध्ये जन्मलेल्या या राजाचे शिक्षण दत्तविधानानंतरच खऱ्या अर्थाने सुरू झाले. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तथापि शाळेत मिळालेले ज्ञान टिकवावयाचे तर गावोगाव ग्रंथ पोहोचले पाहिजेत, हे जाणून १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. गावचे ग्रंथालय लोकवर्गणी व सरकारी साहाय्य या दोहोंच्या मेळाने चाले. नुसते दान मिळालेले पुस्तक कपाटात राहण्याचा संभव असतो; ज्यासाठी गावाने चार पैसे वेचले, ते पुस्तक हातोहात फिरते.

लाभ कोणते?

वाचणाऱ्या शेतकऱ्यास बी-बियाण्याच्या पिशवीवरील सूचना, सातबाराचा उतारा किंवा कर्जाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही. हा लाभ उघड आहे. दुसरा लाभ अधिक खोल आहे. कथा-कादंबरी वाचणारा मनुष्य दुसऱ्याच्या सुखदुःखात काही काळ राहून येतो. चरित्र वाचणाऱ्यास आपल्यासारख्याच अडचणींतून वाट काढणारी माणसे भेटतात. शब्दसंपत्ती वाढते, विचार मांडण्याचे धैर्य येते. पावसाळ्यात पोथी लावून एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, ही खेड्यांची जुनी रीत. तिच्यामुळे निरक्षरही ग्रंथाला पारखा राहत नसे. हीच रीत नव्या पुस्तकांसाठीही उपयोगी पडेल.

सीमेवरील मुलांसाठी

घरच्या भाषेतील पुस्तक समजण्यास सोपे जाते. तेथे शब्द आधीच ओळखीचा असतो. संविधानात १९५६ मध्येच घातलेल्या अनुच्छेद ३५०क मध्ये भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचे तत्त्व सांगितले आहे. सुदैवाने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी आहे. हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘ळ’ एवढे अक्षर नव्याने शिकवले, की मराठी पुस्तकाचे दार त्याच्यासाठी उघडते. मराठी वाचनाने त्याच्या हिंदीची हानी होत नाही. एका भाषेत कमावलेली वाचनाची सवय दुसरीतही कामी येते.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळते. या कायद्याचे क्षेत्र राज्यापुरते असले, तरी पुस्तकाला नाक्यावर कोणी अडवीत नाही. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक तसेच मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात; मोबाइल असलेल्या घरी ते सहज उघडता येतील.

प्रत्येकाचा वाटा

शिक्षकांनी शाळेतील पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत. ती वापराने फाटली तर खेद नसावा. न फाटता कपाटात जीर्ण झाली, तर मात्र जरूर असावा. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी पुस्तकांच्या संख्येबरोबरच किती पुस्तके वाचली गेली, हेही विचारावे. ग्रामस्थांनी आठवड्यातील एक सायंकाळ सामूहिक वाचनास द्यावी, आणि सीमेपलीकडील सोयऱ्यांकडे जाताना मिठाईबरोबर एखादे पुस्तकही न्यावे. मिठाई त्याच दिवशी संपेल, पुस्तक मात्र त्या घरात पुढच्या पिढीपर्यंत राहील.