अश्लीलता, संमती आणि जमाव : स्त्रियांच्या ऑनलाइन छळाविषयीच्या कायद्याचा मागोवा (२०००–२०२४)

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, तेव्हा त्याचा मुख्य रोख इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना वैधता देण्यावर असल्याने, ऑनलाइन छळ सोसणाऱ्या स्त्रीला त्यात प्रामुख्याने अश्लील मजकुराच्या प्रसारास शिक्षा सांगणाऱ्या ६७ व्या कलमाचाच आधार होता. त्या कलमाची कसोटी मजकुराचा वाचणाऱ्यावर काय परिणाम होतो ही होती. ज्या स्त्रीविषयी तो लिहिला गेला तिच्यावर काय ओढवले, याला त्यात स्थान नव्हते. म्हणूनच लग्नाला नकार देणाऱ्या स्त्रीविषयी बीभत्स संदेश पसरवून तिचा दूरध्वनी क्रमांक जाहीर करणाऱ्या पुरुषाला चेन्नईच्या न्यायालयाने २००४ साली दोषी ठरवले, तेव्हा या कलमाला दंडसंहितेतील ५०९ व्या, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेच्या अपमानाविषयीच्या, कलमाची जोड द्यावी लागली.

२००८ च्या दुरुस्तीने ६६-ई कलमाद्वारे खासगी अवयवांचे संमतीविना केलेले चित्रण गुन्हा ठरवले. मात्र त्याच दुरुस्तीतील ६६-अ हे ‘आक्षेपार्ह’ संदेशांविषयीचे कलम इतके संदिग्ध होते की, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींनाच फेसबुकवरील मतप्रदर्शनाबद्दल अटक झाली, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले.

खरे वळण स्त्रियांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर, २०१३ साली आले. दंडसंहितेच्या नव्या ३५४-क कलमाने चित्र काढू देण्याची संमती आणि ते इतरांना दाखवण्याची संमती यांत भेद केला, तर ३५४-ड कलमाने पाठलागाच्या व्याख्येत, स्त्रीने नापसंती स्पष्ट दर्शवल्यावरही पुरुषाने वारंवार साधलेला संपर्क व तिच्या इंटरनेट-वापरावर ठेवलेली पाळत यांचा समावेश केला.

तथापि २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि २०२२ च्या आरंभी ‘बुल्ली बाई’ या ॲपांवर मुस्लिम स्त्रियांचा बनावट ‘लिलाव’ मांडला गेला, तेव्हा त्यासाठी उचललेली छायाचित्रे बहुतांशी स्त्रियांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली साधी छायाचित्रे होती आणि छळणारा एकटा पुरुष नव्हता. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात पाठलागाची जुनी व्याख्या जवळजवळ तशीच उतरली असून, तिच्यातील ‘वारंवार’ ही अट एकाच पुरुषाच्या वर्तनाला लागू पडते. शंभर पुरुषांनी प्रत्येकी एकदाच केलेला संपर्क त्या स्त्रीच्या दृष्टीने शंभर वेळा घडला, तरी त्यांपैकी एकाचेही कृत्य या व्याख्येत सहजासहजी बसत नाही.