बादलीभर समुद्र

समुद्राचें पाणी खारट असतें, हें सांगावयास शास्त्रज्ञ कशाला हवा, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. चौपाटीवर लाटेंत सांपडलेलें लहान मूलही तें सांगूं शकेल. परंतु तें किती खारट आहे आणि आज किती ऊन आहे, असें कोणी विचारलें म्हणजे प्रश्न एकदम अवघड होतो. हे दोन आंकडे जहाजावरून कसे मिळवितात, आणि त्यांत इतकी दक्षता कां बाळगावी लागते, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

जुनी रीत अगदीं साधी होती. दोरानें बादली समुद्रांत सोडावयाची, वर ओढावयाची आणि तींत उष्णतामापक बुडवून आंकडा टिपावयाचा. पण कॅनव्हासच्या ओल्या बादलीस वारा लागला कीं बाष्पीभवन होऊन आंतील पाणी निवतें. आपल्या घरच्या माठांत घडतें तेंच. पुढें एंजिन थंड ठेवण्यासाठीं नळानें आंत घेतलेल्या पाण्याचें उष्णतामान पाहण्याची दुसरी रीत आली. तेथें उलट प्रकार. एंजिनच्या खोलींत तें पाणी थोडें तापलेलें असे.

हा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्यानें पुढें मोठाच घोटाळा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांतील बहुतेक मापें अमेरिकन जहाजांचीं होतीं, आणि तीं मुख्यत्वें एंजिनच्या नळांतील पाण्याचीं होतीं. 1945 च्या ऑगस्टनंतर बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदी एकाएकीं वाढल्या. परिणाम असा झाला कीं, जगांतील समुद्र कांहीं महिन्यांत सुमारें 0.3 अंश सेल्सिअसनें थंड झाल्यासारखे कागदावर दिसूं लागले. समुद्र निवाला नव्हता; मोजण्याची रीत बदलली होती. ही गोष्ट 2008 सालीं एका शोधनिबंधानें उघडकीस आणली, तोंपर्यंत साठांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

आजच्या संशोधन-जहाजावर ‘थर्मोसॅलिनोग्राफ’ नांवाचें उपकरण असतें. जहाजाच्या तळाजवळील छिद्रांतून, पृष्ठभागाखालीं कांहीं मीटरांवरून, पंपानें पाणी सतत आंत येतें. नळांतून जातांना तें तापतें. म्हणून एक उष्णतामापक तोंडाशींच बसवितात. पुढें तेंच पाणी एका अरुंद नळींतून नेऊन त्याची वीज वाहण्याची शक्ति मोजतात.

विजेचा आणि मिठाचा संबंध काय? 1872 ते 1876 या काळांत ‘चॅलेंजर’ जहाजानें जगभर हिंडून समुद्राचे नमुने आणले. त्यांपैकीं 77 नमुन्यांचें पृथक्करण डिटमार या रसायनज्ञानें केलें आणि 1884 सालीं दाखविलें कीं, खुल्या समुद्राचें पाणी कमी-जास्त खारट असलें, तरी त्यांतील मुख्य क्षारांचें परस्पर प्रमाण सर्वत्र जवळजवळ तेंच असतें. म्हणून विजेच्या एका मापावरून एकंदर क्षार काढतां येतात. सामान्यतः ते दर किलोग्रॅमला 35 ग्रॅम असतात. मात्र पाणी 1 अंशानें तापलें तर हें विजेचें माप सुमारें 2 टक्क्यांनीं वाढतें. यासाठीं नळीजवळ दुसरा उष्णतामापक लागतो.

शिवाय नळींत बुडबुडे शिरतात, शेवाळ धरतें, आणि क्षारता खोटीच कमी दिसूं लागते. म्हणून अधून मधून त्याच नळाचें पाणी बाटलींत भरून घेतात. बाटली त्याच पाण्यानें तीन वेळां विसळून घट्ट बंद करावयाची, आणि प्रयोगशाळेंत प्रमाणभूत समुद्रजलाशीं तिची तुलना करावयाची. हें काम कंटाळवाणें खरें, पण याच्यावांचून यंत्राच्या आंकड्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?

मापाची खोलीही टिपून ठेवावी लागते. वारा पडलेल्या दुपारीं पृष्ठभागाचें पाणी नळाच्या तोंडाशीं असलेल्या पाण्याहून अंशभर अधिक ऊन असूं शकतें. अवरक्त किरणांनीं पाहणाऱ्या उपग्रहास तर मिलिमीटरहूनही पातळ थरच दिसतो. त्याचे आंकडे जहाजांच्या व तरत्या यंत्रांच्या मापांशीं ताडून पाहावे लागतात.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर आपल्या पावसांत आहे. सुलोचना गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1984 सालीं दाखविलें कीं, हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारें 28 अंशांहून अधिक ऊन झाला म्हणजे त्यावर दाट मेघसमूह जमण्याचा संभव पुष्कळच वाढतो. बंगालच्या उपसागरांत गंगा-ब्रह्मपुत्रेचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें वर पसरून राहतें, वाऱ्यानें तें खालच्या पाण्यांत सहजासहजीं मिसळत नाहीं, आणि पृष्ठभाग ऊनच राहतो. इकडे अरबी समुद्राचें पाणी बाष्पीभवनानें अधिक खारट असतें. म्हणजे क्षारतेचा आंकडाही शेवटीं पावसाकडेच बोट दाखवितो. जेथें 28 अंशांची वेस इतकी महत्त्वाची, तेथें अर्ध्या अंशाची चूक परवडण्यासारखी नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, समुद्र इतक्या अंशांनीं तापला असें यापुढें वृत्तपत्रांत वाचाल, त्या वेळीं तें पाणी किती खोलीवरून आणि कोणत्या रीतीनें घेतलें, हाही प्रश्न मनांत येऊं द्या. तो आंकड्यावरचा अविश्वास नव्हे. आंकड्यावर विश्वास ठेवण्याची हीच खरी रीत आहे.