कॅसेटवरच्या फुंकरीपासून पुण्याच्या 'राजी'पर्यंत

नव्वदच्या दशकात आमच्या बीदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादकडं 'व्हिडिओ गेम' म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि कॅसेट. यातले बरेच डबे जपानी फॅमिकॉम कन्सोलची (१९८३) नक्कल. कॅसेटला ६० पिना. पडद्यावर चित्र फाटलं की आम्ही फुंकर मारायचो; पण काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानं, पिना नीट टेकायच्या म्हणून.

आता गेम आपल्याकडंही बनतात. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओनं बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेला निधी पुरता जमला नाही, तरी मंडळी थांबली नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर. स्विचची तेव्हा भारतात अधिकृत विक्रीही नव्हती. तरी आधी स्विचवर येण्याचा निर्णय मला पटतो. छोट्या स्टुडिओला मोठ्या गर्दीत आधी नजरेत भरावं लागतं. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या इंडी गटात नामांकनही मिळालं.

'राजी'तले महाल राजस्थानी वळणाचे आहेत. बीदरच्या रंगीन महालातलं, काळ्या दगडात शिंपले जडवलेलं नक्षीकाम एकदा तरी कन्सोलवर दिसावं, ही मनापासून इच्छा.