शेतकरी उत्पादक कंपनी: नोंदणीनंतरचं काम

दहा शेतकरी एकत्र आले की शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. कंपनी कायदा 2013 मधलं एकविसावं-अ प्रकरण तिला लागू होतं. किमान पाच संचालक लागतात. सभासद शेतकरी असतील, तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच.

नोंदणी सीए करून देतो, प्रमाणपत्राला हार घातला जातो आणि मग दोन-तीन वर्षं कुणी फाईल उघडत नाही. खरी अडचण इथे आहे. एक पोतं सोयाबीन विकलं नसलं, तरी दरवर्षी लेखापरीक्षण, वार्षिक सभा आणि दोन फॉर्म चुकत नाहीत: ताळेबंदाचा एओसी-4 आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-7. उशीर झाल्यास प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये जादा शुल्क, म्हणजे वर्षभरात दोन्ही मिळून 73 हजार. सलग तीन वर्षं विवरण भरलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. केवळ सही करण्यापुरते संचालक झालेले काकाही त्यातून सुटत नाहीत.

कंपनी म्हणजे परवाना नव्हे, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. डाळ पॅक करून विकायची तर अन्नसुरक्षेचा परवाना वेगळा; बियाणं, खत, कीटकनाशक विकायचं तर कृषी विभागाचे परवाने वेगळे.

व्यापाऱ्याशी करार करताना मालाची प्रत कोण, कुठे ठरवणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे लेखी घ्या. तोंडी शब्दावर ट्रक भरू नका.