लोकसूर आणि वाद्यवृंद (लेखांक सहावा) : धवलारीण आणि चार तंतुवाद्यं

मागच्या आठवड्यात आपण पेरूच्या दानिएल आलोमिया रोब्लेसपाशी थांबलो होतो. गावोगाव हिंडून त्याने शेकडो लोकधुना टिपल्या आणि १९१३ साली लिमाच्या रंगभूमीवर ‘एल कोन्दोर पासा’ हे संगीतनाटक आणलं. १९७० मध्ये पॉल सायमनमुळे त्यातली धून जगभर गेली. गावातली धून घ्यायची, तिच्याखाली स्वरमेळ घालायचा आणि ती वाद्यवृंदाच्या हाती द्यायची, हा रोब्लेसचा मार्ग. आज दुसऱ्या मार्गाविषयी लिहायचं आहे: गावातली गाण्या-वाजवण्याची रीतच वाद्यांनी उचलायची. मला तो अधिक अवघड आणि अधिक मोलाचा वाटतो. तो समजून घ्यायला चौल-रेवदंड्याच्या बाजूचा आगरी लग्नमांडव फार उपयोगी पडतो.

या मार्गाने जाणारी संगीतकार गॅब्रिएला लेना फ्रँक १९७२ साली कॅलिफोर्नियात बर्कली इथे जन्मली. आई पेरूची, चिनी वंशाची. वडील लिथुआनियातून आलेल्या ज्यू घराण्यातले. जन्मापासूनच तिला ऐकू कमी येतं. २००१ मध्ये तिने दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठी ‘लेयेंदास’ ही सहा भागांची रचना लिहिली. पुढे तीच रचना तंतुवाद्यांच्या मोठ्या वृंदासाठीही केली. सांपोन्या या अँडीजमधल्या बासऱ्या दोन वादकांत वाटून वाजवतात: एकाकडे एक सूर, पुढचा सूर दुसऱ्याकडे. पूर्ण चाल एकाच्या हातात कधीच नसते, ती दोघांच्या मध्ये तयार होते. फ्रँकने एका भागात ही वाटणीच तंतुवाद्यांना दिली. तार्का नावाची जाड लाकडी बासरी इतक्या जोराने फुंकतात की सूर फाटतो. तो फाटलेला सूर तिने दुसऱ्या एका भागात तंतुवाद्यांवर आणला.

पाचवा भाग मला सर्वांत जवळचा. त्यात योरोना आहे, मयताच्या घरी पैसे देऊन बोलावलेली रडणारी बाई. तिच्या सोबतीला दुसरी योरोना, आणि मागे बायकांचा घोळका. योरोना आपल्या शोकात केचुआ लोकांच्या ओळी आणि चर्चच्या प्रार्थना एकत्र मिसळते, म्हणून फ्रँकनेही तिथे मृतांसाठीच्या जुन्या लॅटिन स्तोत्राची चाल आणली आहे.

आता आपल्या मांडवात या. रायगडच्या आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते. हळद, घाणा, देवक, प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, ठरलेला. विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो, म्हणून तिचा मान भटजीच्या तोडीचा. ती सहसा एकटी गात नाही. एकीने ओळ टाकायची आणि सोबतिणीने ती झेलायची. वाद्याची साथ बहुधा नसतेच. मांडवातली भांडी, पोरं, पाहुण्यांची हाकाहाक यांतून तो एकसुरी, लांबलेला आवाज चालत राहतो, आणि गाणं पुढे नेते ती ओळ टाकण्या-झेलण्याची ओढ.

या किनाऱ्याचं गाणं मराठी घराघरांत पोचलं ते मात्र कोळीगीतांतून. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे आवाज; ती गाणी मला प्राणप्रिय आहेत. त्यांत वाद्यवृंद गाण्याच्या मागे उभा राहून साथ करतो. वाद्यवृंदाने स्वतःच धवलारणीसारखं गायचं, ही गोष्ट वेगळी आहे आणि तिला कागदावर लिहिलेलं संगीत लागतं.

ते लिहायचं-वाचायचं शिक्षण आपल्याकडे गोव्याने टिकवलं. चर्चला जोडलेल्या शाळांत पोरं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. त्यांचा जन्म १९२७ चा, वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. ते मुंबईला आले, नौशाद यांच्या वृंदात व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात पोट भरत असतानाही रागसंगीताला वाद्यवृंदाचा पूर्ण पट मिळावा हा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला बसवलं, सारंग रागात कॉन्चेर्तो लिहिला. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. २०१२ साली ते वारले. ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातल्या गाण्यामुळे त्यांचं नाव देशभर झालं, त्यांचं संगीत मात्र फार थोड्यांनी ऐकलं, याची मला मनापासून खंत वाटते.

चौललाही पोर्तुगीज होते. १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्याला बस्तान बसवलं, १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती सोपवलं. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात त्यांची भाषा मराठीत मुरून आजही सुमारे हजार माणसांच्या तोंडी आहे. त्या भाषेतली गाणीही आहेत. पण राज्य गेल्यावर गोव्यासारखी संगीतशाळांची साखळी इथे राहिली नाही. गाणं राहिलं ते आठवणीत. पलीकडे कोर्लईत आठवणीतलं गाणं, अलीकडे मांडवात आठवणीतला धवला. दोन्हींना लिहिणारा हात मिळाला नाही.

तो मिळाला तर काय करावं लागेल, हे फ्रँककडे पाहून बरंचसं सांगता येतं. धवल्याची चाल मोजक्या सुरांत फिरते. ती नुसती व्हायोलिनवर वाजवली तर दोन मिनिटांत संपेल. दोन व्हायोलिनना दोन धवलारणी मानावं लागेल. दुसरीने पहिलीच्या शेवटच्या अक्षरावर चढायचं, दोघींचे सूर केसभर वेगळे राहू द्यायचे, घासून-पुसून एक करायचे नाहीत. कंपन नको, कारण मांडवातला गळा सरळ लागतो. व्हायोला आणि चेलोने मांडवातला गलबला सांभाळायचा. तो कधी गाण्यावर चढेल, कधी खाली बसेल. आणि हे लिहिण्याआधी लिहिणाऱ्याने रात्रभर मांडवात बसून ऐकायला हवं, कारण ओळ कुठे झेलायची हे धवलारणी विधीच्या गतीवरून ठरवतात.

पुढच्या आठवड्यात फोनोग्राफ खांद्यावर घेऊन खेडी पालथी घालणाऱ्या बेला बार्तोककडे वळू.